एका ॲपपुरता टॅबलेट

अक्षरे गिरवणारे चार वर्षांचे मूल मध्येच दुसऱ्या ॲपमध्ये शिरले की मोठी माणसे त्याला चंचल म्हणतात. पण यातला बराच दोष मुलाचा नसतो. समोरच्या आकर्षणाकडे धावण्याची ऊर्मी आवरण्याची शक्ती, म्हणजे मानसशास्त्राच्या परिभाषेतील निरोधक नियंत्रण, या वयात नुकती आकार घेऊ लागलेली असते आणि तिच्याशी निगडित असलेल्या, कपाळामागील मेंदूच्या भागाची वाढ विशीपर्यंत चालू राहते. शिवाय होम बटण नसलेल्या आयपॅडवर पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर सरकवले की ॲप मिटते, त्यामुळे गिरवणाऱ्या हाताचा नकळत झालेला स्पर्शही मुलाला हातातल्या कामातून बाहेर काढू शकतो.

यावरचा उपाय उपकरणातच असतो, मात्र तो अनेक पालकांच्या नजरेतून सुटतो. ॲपल कंपनीने २०१२ मध्ये आयओएस ६ या प्रणालीबरोबर ‘गायडेड ॲक्सेस’ ही सोय आणली, आणि ती मांडताना स्वमग्न मुलांना एका कामावर लक्ष टिकवता यावे हा हेतू कंपनीने आवर्जून सांगितला होता. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात ती सुरू करून पासकोड, म्हणजे सांकेतिक आकडा, ठरवावा लागतो. नंतर हवे ते ॲप उघडून वरचे बटण, किंवा जुन्या आयपॅडवर होम बटण, लागोपाठ तीनदा दाबले की टॅबलेट त्या ॲपपुरताच उरतो. त्याच वेळी पडद्याच्या एखाद्या भागाभोवती बोटाने रेघ ओढली तर तेवढ्या भागावर स्पर्श चालत नाही, आणि मूल वारंवार दाबते ते मागे जाण्याचे चिन्ह किंवा तळाशी झळकणारी जाहिरात निष्प्रभ करण्याची ही युक्ती साऱ्या सोयीतील सर्वांत उपयुक्त भाग म्हणावी लागेल.

अँड्रॉइडवर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘स्क्रीन पिनिंग’ ही अशीच सोय आहे, जिला पुढे ‘ॲप पिनिंग’ म्हटले जाऊ लागले. ती बहुधा सेटिंग्जमधील सुरक्षा विभागात सापडते. तेथे बाहेर पडण्याआधी पिन विचारण्याचा पर्याय चालू ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण एरवी पिनिंगमधून बाहेर पडण्याची खूण मूल पाहून पाहून शिकते. ही बांधणी काहीशी सैलही आहे, कारण पिन केलेले ॲप दुसरे ॲप उघडू शकते.

तथापि कुलूप लागते ते ॲपला, आतल्या मजकुराला नव्हे. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणाऱ्या ॲपमध्ये मुलाला अडकवले तर त्याचे लक्ष एकवटल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात ते ॲपच्या वेगामागे फरफटत असते, आणि अशा वापराला एकाग्रता म्हणणे ही फसगत आहे. चित्र काढणे, गोष्ट ऐकणे, आकार जुळवणे अशा, मुलाच्या कृतीची वाट पाहणाऱ्या आणि जाहिराती नसलेल्या ॲपसाठीच हे कुलूप वापरावे, आणि शक्यतो कुणीतरी शेजारी बसून बोलत राहावे.

वेळेचाही प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसल्या जागी पडदा पाहण्याची कमाल मर्यादा दिवसाला एक तास सांगितली असून एक वर्षाखालील बाळांसाठी तो मुळीच नको असे म्हटले आहे. गायडेड ॲक्सेसमध्ये वेळेची मर्यादा घालता येते आणि ती संपण्यापूर्वी आवाजाने किंवा बोलून सूचनाही देता येते; मूल हातातले चित्र पुरे करू शकेल एवढे आधी ती सूचना मिळाली, तर टॅबलेट बाजूला ठेवताना होणारी रडारड कमी होण्याची शक्यता असते.