पोटाची फिर्याद आणि कागदाची पुडी

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका औषधांच्या दुकानात परवा मी खोकल्याचे औषध घेण्यासाठी उभा असता, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या कामाला जाणाऱ्या एका पोक्त मावशींनी गुडघ्यासाठी चार आणि छातीतल्या जळजळीसाठी दोन गोळ्या मागितल्या. दुकानदाराने दोन्ही पट्ट्यांचे तुकडे कात्रीने कापून एकाच कागदी पुडीत बांधले, आणि ज्या भागावर औषधाचे नाव व मुदतीची तारीख छापलेली होती तो भाग शिरस्त्याप्रमाणे पुन्हा खणात टाकला. मावशींनी पुडी कनवटीला खोचली.

जिच्या जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण, म्हणजे ज्याला आपण सर्रास अल्सर म्हणतो तो, झालेला आहे, तिच्या दृष्टीने या पुडीतील दोन औषधे परस्परांची वैरी होत. आपल्या कायद्याने मात्र त्यांना शेजारी बसविले आहे. 1940 च्या औषध अधिनियमाखालील 1945 च्या नियमांत चिठ्ठीवाचून विकावयाच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्गच नाही. ‘एच’ परिशिष्टातील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा हुकूम आहे, आणि ‘के’ परिशिष्टात, एक हजारांपेक्षा अधिक वस्ती नसलेल्या खेड्यांत काही घरगुती औषधे परवान्यावाचून विकण्याची मुभा आहे. या घरगुती औषधांच्या यादीत अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या आहेत आणि आम्लनाशक औषधेही आहेत.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे गुडघा थंडावतो खरा; परंतु जठराच्या आतील बुळबुळीत संरक्षक अस्तर ज्या द्रव्यांच्या आधारावर टिकते तीही हीच असल्याने ते अस्तर उघडे पडते, आणि हा परिणाम रक्तावाटेही होत असल्यामुळे गोळीवर वेष्टन असले, किंवा ती जेवणानंतर घेतली, तरी पोट निर्धास्त राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळदा असा व्रण दुखतच नाही आणि रक्तस्राव हीच त्याची पहिली खबर ठरते. परदेशांत मिळणारी, पाण्यात विरघळवून घ्यायची काही पोटाची औषधे तर अ‍ॅस्पिरिन मिसळूनच विकली जातात; त्यांपासून रक्तस्राव होऊ शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली दिला होता, तेव्हा मुलांनी प्रेमाने तिकडून आणलेली डबी उघडण्यापूर्वी तिच्यावरील घटक वाचून घ्यावेत.

आता जळजळीच्या औषधांकडे वळू. पाच ग्रॅमची फसफसणारी पुडी म्हणजे मुख्यत्वे खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. तिच्यातून वायू सुटतो, ढेकर येते, आणि घटकाभर बरे वाटते. परंतु व्रण खोल जाऊन ज्याच्या जठराची भिंत पातळ झाली आहे त्याला वायूचा हा ताण इष्ट नव्हे, आणि एका पुडीबरोबर सुमारे 800 मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते, ज्याची दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2000 मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची पांढरी पातळ औषधे त्यामानाने सौम्य. मात्र मूत्रपिंड अधू असणाऱ्याने ती विचारल्यावाचून घेऊ नयेत, आणि लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीपासून ती काही तास दूर ठेवावीत. पँटोप्रॅझोल हे व्रण भरून काढणारे खरे औषध. पण ते ‘एच’ परिशिष्टातले असूनही चिठ्ठीवाचून मिळते, आणि मनाने घेतल्यास व्रणाचीच काय, जठराच्या कर्करोगाचीही लक्षणे काही काळ दडवू शकते.

आपण नाशिककर पोटाचा सगळा दोष मिसळीच्या तर्रीवर ढकलून मोकळे होतो. तिखटाने जळजळ वाढते हे मान्य, परंतु व्रणाची प्रमुख कारणे दोन: एक ही वेदनाशामके, आणि दुसरे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, जो ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी शोधून काढला. मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह जडवून घेतला. दोघांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू सोड्याने मरत नाही, त्याला प्रतिजैविकांचा पुरता क्रम लागतो. आणि पँटोप्रॅझोल चालू असताना श्वासाची वा शौचाची तपासणी केली तर तो असूनही नाही असा दाखला मिळू शकतो, म्हणून तपासणीपूर्वी ते दोन आठवडे बंद ठेवावयास सांगतात.

शौचास डांबरासारखी काळी व चिकट होणे, कॉफीच्या गाळासारखी उलटी होणे, किंवा पोट एकाएकी फळीसारखे ताठ होऊन असह्य दुखणे, यांपैकी काहीही घडल्यास दुकानाची पायरी न चढता थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, हे खरे. पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा.

मी दुकानदाराला विनवले की, पट्टी कापताना नावाचा भाग गिऱ्हाइकाकडे जाऊ द्यावा. तो भला माणूस. त्याने खणातला तुकडा काढून उजेडात धरला आणि वाचला: डायक्लोफेनॅक. मावशी तोवर सीबीएस बसस्थानकाच्या वाटेला लागल्या होत्या.