माथेरानच्या इंजिनाचे नवे सासर

मागच्या दिवाळीत माझ्या भावाने इंग्लंडहून एक फोटो पाठवला. बुटकेसे वाफेचे इंजिन आणि खाली एकच ओळ, ‘ताई, ओळख पाहू, हे कुठलं?’

मी कसली ओळखतेय! पण चारकोपच्या आमच्या घरात एक जाणकार आहेत. माझे सासरे. उमेदीची वर्षे त्यांनी रेल्वेत वाफेच्या इंजिनांवर फिटर म्हणून काढली. चष्मा कपाळावर सरकवून मामंजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला नि म्हणाले, ‘‘अगं, हे तर माथेरानचं!’’

आणि खरेच होते ते. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळ-माथेरान गाडी 1907 साली सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीहून खास इंजिने आली. पुढची-मागची चाके वळणाबरोबर थोडी सरकतील अशी त्यांची रचना, म्हणूनच ती घाटातली अवघड वळणे घेत. 1982 पर्यंत वाफेची सेवा चालली. त्यातलेच 740 क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड या गावी पोचले. तिथला रूळही आपल्या माथेरानसारखाच, दोन फुटी!

ती गाडी 1919 साली वाळू वाहण्यासाठी घातलेली. 1968 पासून मात्र ती हौशी स्वयंसेवकच चालवतात. अशी पहिली गाडी वेल्समधली टॅलिलिन. 1951 साली लोकांनीच ती बंद पडण्यापासून वाचवली. सुट्टीच्या दिवशी माणसे येतात, मळके कपडे चढवतात आणि कामाला लागतात. नवख्याने आधी इंजिन पुसायचे, मग कोळसा टाकायला शिकायचे आणि कित्येक वर्षांनी चालक व्हायचे. आपल्या माथेरानच्या इंजिनाचा जुना देहही अशाच हातांनी दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर आला.

‘‘एवढं काय असतं हो त्यात?’’ मी विचारले. मामंजी सरळ स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी कुकरचे झाकण उचलले.

मैत्रिणींनो, पाणी आटले की आपल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो ना? इंजिनातही आगीच्या पेटीच्या छताला शिसे भरलेला प्लग असतो. पाणी खाली गेले की शिसे वितळते आणि वाफ आगीवर येऊन धोक्याची सूचना देते. गीझरमध्ये जसा क्षार बसतो तसा बॉयलरमध्येही बसतो, म्हणून तो वरचेवर धुवावा लागतो. आणि विस्तव घाईने पेटवायचा नाही. थंड बॉयलर हळूहळू, काही तास घेऊन तापवायचा, नाही तर पत्र्यांवर ताण येतो. मला तर वाटले, हे सगळे आपलेच काम, फक्त भांडे मोठे!

मुलगी ऐकत होती. ‘‘आजोबा, मग असं आपल्याकडे का नाही?’’

मामंजी थोडे थांबले. ‘‘आम्ही पगारी माणसं, बाळ. वाफेची इंजिनं गेली, आम्हाला दुसऱ्या कामावर घातलं. हातातलं शिकवायचं कुणाला? कुणी विचारलंच नाही.’’

ते सहज बोलून गेले, पण मला लागले. शाळेत मी अर्धवेळ शिकवते, परक्यांच्या मुलांना रोज प्रश्न विचारते. या घरात येऊन चौदा वर्षे झाली, चहाची वेळ कधी चुकवली नाही. पण ‘तुम्ही नेमकं काय करत होतात?’ हे मी मामंजींना एकदाही विचारले नव्हते.

इंजिन परदेशी गेले याचे दुःख आता वाटत नाही. चांगल्या घरी पडले म्हणायचे! दुःख वाटते ते आपल्याकडच्या न विचारलेल्या माणसांचे. लोखंड शंभर वर्षे टिकते, पण ते चालवण्याची विद्या एका माणसाबरोबर जाते.

आता दर रविवारी जेवणानंतर मुलगी वही घेऊन बसते. आजोबा चित्र काढतात, ती खाली नावे लिहिते. तुमच्या घरीही असे कुणी असेल. गिरणीतले, छापखान्यातले, गोदीतले. येत्या रविवारी त्यांना एक प्रश्न विचारून तर बघा.