स्थलदर्शक नकाशातून गावाची ओळख

गावाचा नकाशा म्हटला की भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशा आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्यात शेतांच्या हद्दी व गट क्रमांक असतात. जमिनीचा चढउतार मात्र त्यावरून कळत नाही. ही उणीव भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे भरून काढतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरील १ किलोमीटर अंतर कागदावर २ सेंटिमीटरने दाखविलेले असते.

या नकाशात निळा रंग पाण्याचा, हिरवा वनांचा व पिवळा शेतीचा असतो. तपकिरी रेषा या समोच्च रेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे त्यांनी जोडलेली असतात. रेषा विरळ असतील तर उतार सौम्य आणि दाट असतील तर तीव्र, असे समजावे.

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसर पाहू. पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापाशी समोच्च रेषा एकमेकींना भिडल्या आहेत. या कड्याला जेथे अरुंद खिंड आहे, तेथूनच नाणेघाटाची वाट कोकणात उतरते. सातवाहन काळात कल्याण व सोपारा बंदरांचा व्यापार या वाटेने चाले. घाटातील लेण्यात त्या काळचा ब्राह्मी शिलालेख आजही आहे. घाट याच जागी का, या प्रश्नाचे उत्तर नकाशाच देतो. एका इंचास एक मैल या प्रमाणाचा जुना नकाशा शेजारी ठेवल्यास, आज माणिकडोहचा जलाशय आहे तेथे पूर्वीचे कुकडीचे खोरे दिसते.

नकाशावाचनाचा उपयोग इतिहासापुरताच नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नकाशा दरडीचे भाकीत करीत नाही. माती, खडक व पाऊस यांचा अभ्यास तज्ज्ञांनीच करावयाचा असतो. परंतु शाळेची किंवा घरकुलांची जागा दाट समोच्च रेषांच्या पायथ्याशी येत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा, एवढा इशारा तो निश्चित देतो.

लहान झरे, जुनी पांढरी व शिवारांची नावे या नकाशात सापडतीलच असे नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह शिवारफेरी काढून, वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची नोंद करावी. विभागाच्या संकेतस्थळावरून मिळणारा आपल्या परिसराचा नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असावा आणि जागेचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी तो पाहिला जावा.