वांगणीची मुलं इंग्रजीच्या तासाला काय शिकतात?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या वांगणीसारख्या गावात बऱ्याच मुलांच्या घरी वारली, कातकरी किंवा ठाकुरी बोलली जाते. शाळेत मराठी आणि तिच्या जोडीला इंग्रजी. म्हणजे सहावीतलं मूल किमान तीन भाषांत वावरतं!

राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. 2000 पासून ती पहिलीपासून आहे. बालभारतीच्या ‘माय इंग्लिश बुक’मध्ये आता केवळ शब्दार्थ आणि व्याकरण नसतं. भर ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही कौशल्यांवर.

शिक्षकांना आणि पालकांना एक सुचवावंसं वाटतं: पुस्तकातले पाठ गावाशी जोडा. मुलांना बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाच्या, सोंगांची ओळख इंग्रजीत करून देऊ द्या, नाचणी-वरईच्या लावणीवर पाच वाक्यं लिहू द्या. आशय ओळखीचा असला की नवी भाषा लवकर जमते. घरची बोलीही वर्गात हक्कानं यावी. तिच्या आधारानंच इंग्रजी पक्की होईल.

पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जरूर उतरवून घ्या आणि मुलांसोबत मोठ्यानं वाचा!