चादरींची मोजदाद

हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला पलंगावरची शुभ्र चादर आणि न्हाणीघरातील घडी घातलेला टॉवेल एवढेच दिसते. ती चादर वेळेवर तेथे पोचावी म्हणून पडद्याआड केवढी व्यवस्था राबत असते, याची त्याला सहसा कल्पना नसते. मुंबईत १९५४ साली हॉटेल-व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था निघाली आणि पुढे देशात अशा अनेक संस्था झाल्या. तेथे विद्यार्थ्यांना स्वच्छतेच्या जोडीने साठ्याची मोजदादही शिकवितात. ती का, हे समजून घेण्याजोगे आहे.

पन्नास खोल्यांचे एखादे हॉटेल घेऊ. प्रत्येक खोलीत दोन पलंग आणि प्रत्येक पलंगास दोन चादरी धरल्या, तर एका वेळी २०० चादरी वापरात असतात. तितक्याच परटाकडे गेलेल्या असतात आणि तितक्याच धुऊन कपाटात विसावत असतात. कारण धुतलेल्या कापडास निदान एक दिवस विश्रांती दिल्यास ते अधिक टिकते. पावसाळ्यात धुलाईस उशीर झाला तर अडू नये, म्हणून चौथा संच राखीव ठेवावा. असा एकूण ८०० चादरींचा साठा झाला. याहून कमी असल्यास त्याच त्या चादरी वारंवार धुतल्या जाऊन लवकर विरतात. जास्त असल्यास पैसा अडकून पडतो.

या साठ्याची राखण करणारा नियम साधा आहे: जितक्या मळक्या चादरी द्याव्या, तितक्याच धुतलेल्या घ्याव्या, आणि दोन्हींची तत्काळ नोंद करावी. धुऊन आलेल्या चादरी थप्पीच्या खाली ठेवाव्या व वापरासाठी वरच्या काढाव्या, म्हणजे सर्वांची झीज सारखी होते. दर तीन महिन्यांनी सर्व ठिकाणी एकाच दिवशी मोजणी करावी. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे, आणि मोजणी संपेपर्यंत एकही चादर जागची हलवू नये.

समजा, आरंभी ८०० चादरी होत्या, १०० नव्या घेतल्या आणि ६० जीर्ण म्हणून काढून टाकल्या. वहीप्रमाणे ८४० हव्यात. हाती लागल्या ८२८. बारा चादरी गेल्या कोठे?

या प्रश्नापाशीच मोजदादीचे खरे महत्त्व कळते. नोंदी नसतील तर संशयाचे बोट प्रथम खोल्या झाडणाऱ्या सेवकाकडे वळते. वस्तुतः चादर धुलाईत फाटून परत न आलेली असू शकते, कोणी फरशी पुसण्यास घेतलेली असू शकते किंवा एखाद्या पाहुण्याच्या सामानातून गेलेली असू शकते. रोजची देवघेव लिहिलेली असेल, तर तूट कोणत्या मजल्यावर वा कोणत्या खेपेत पडली हे शोधता येते.

कायद्याचीही दृष्टी हीच आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घातलेली आणि २०१९ च्या वेतन संहितेने कायम राखलेली अट अशी, की वस्तू हरवल्याबद्दल पगारातून कपात करावयाची तर ती वस्तू त्या कामगाराच्या स्वाधीन केलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीमुळे झालेले असले पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. वहीत नोंदच नसेल, तर वस्तू कोणाच्या स्वाधीन होती हे कोण सांगणार?

जीर्ण चादरीही वाया जात नाहीत. त्या मध्यभागी विरतात, पण कडेला मजबूत असतात. त्यांतून उशांचे अभ्रे, मुलांच्या पाळण्यातील चादरी आणि अखेर पुसण्याची फडकी निघतात. मात्र कापण्यापूर्वी त्यांची नोंद झाली पाहिजे. नाहीतर तीच पुढच्या मोजणीतील तूट ठरते.

आता मोठ्या हॉटेलांतून कापडात शिवलेल्या सूक्ष्म चकत्यांच्या साह्याने यंत्रे मोजणी करू लागली आहेत. लहान हॉटेलास मात्र एक वही आणि रोजची दहा मिनिटे पुरेशी आहेत. तेवढ्या श्रमाने मालकाचे कापड वाचते आणि प्रामाणिक सेवकाची अब्रूही.