मका तोच, माती वेगळी

चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १९६१ ते १९६४ या काळात तिथल्या काही खेड्यांत माणसांचे केस गळू लागले, नखे सुटून पडू लागली. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच खेड्यांत जवळपास निम्मे लोक आजारले. त्याआधी, १९३५ मध्ये, ईशान्य चीनमधील केशान परगण्यात निराळाच आजार नोंदवला गेला होता. त्यात हृदयाचे स्नायू निकामी होत. तो मुख्यतः लहान मुलांना आणि बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना गाठत असे. केशानचेच नाव मिळालेला हा विकार पुढे ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंतच्या एका लांबलचक पट्ट्यात आढळला.

या दोन्ही ठिकाणची माणसे स्वतःच्या शेतात पिकलेलेच धान्य खात होती. दोन्ही आजारांच्या मुळाशी एकच मूलद्रव्य होते, ते म्हणजे सेलेनियम. एन्शीच्या पीडित खेड्यांत माणसाच्या पोटात ते रोज सरासरी ५ मिलिग्रॅम जात होते. केशान विकाराच्या भागात ते जेमतेम ११ मायक्रोग्रॅम होते. म्हणजे साडेचारशे पटींचा फरक, आणि तो पडला होता मातीमुळे.

बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव ठेवले. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते. दोघांचे रासायनिक वागणे इतके सारखे, की झाडाचीही फसगत होते. मुळे गंधक ज्या वाटेने आत घेतात, त्याच वाटेने सेलेनियमही शिरते. मेथिओनिन या अमिनो आम्लात गंधकाच्या जागी सेलेनियम बसले, की सेलेनोमेथिओनिन तयार होते. प्रथिने विणणाऱ्या पेशीतील यंत्रणेला हा बदल ओळखता येत नाही आणि ती ते मेथिओनिन समजूनच साखळीत ओवते. गहू, मका, सोयाबीन यांच्या दाण्यांतील बरेचसे सेलेनियम असे प्रथिनांत गुंफलेले असते. गंमत अशी, की या पिकांना स्वतःला सेलेनियमची गरज असल्याचे सिद्ध झालेले नाही. मातीत असेल तेवढे ती उचलतात, नसेल तर त्यावाचूनही डौलाने वाढतात. कणसाकडे पाहून काहीच कळत नाही.

आपल्या शरीराला मात्र त्यावाचून चालत नाही. आपल्या पेशी अन्नातल्या सेलेनियमपासून सेलेनोसिस्टीन बनवतात. हे एकविसावे अमिनो आम्ल मानले जाते. जनुकीय लिपीत जी खूण एरवी ‘इथे थांबा’ असे सांगते, तिचाच खास ठिकाणी वेगळा अर्थ लावून पेशी ते प्रथिनात बसवते. अशी प्रथिने बनवणारी सुमारे २५ जनुके माणसात आहेत. यातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर पेशींना पेरॉक्साइडांच्या माऱ्यापासून वाचवते. त्यात सेलेनियम असल्याचे १९७३ मध्ये उघड झाले. थायरॉइडच्या संप्रेरकाला कार्यक्षम रूप देणारी विकरेही याच कुळातली.

सिचुआन प्रांतातील मियाननिंग परगण्यात १९७४ मध्ये मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. गोळी मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना केशान विकार झाला. न मिळालेल्या ३,९८५ पैकी ५४ जणांना. यात एका विषाणूचाही हात असावा, असे पुढील संशोधनातून दिसले. पण कमतरतेने दार उघडे ठेवले नसते, तर तो आत शिरता ना.

गोळीऐवजी दाण्यातूनच सेलेनियम पोचवण्याचा मार्ग फिनलंडने निवडला. तिथल्या मातीतून पिकांना ते फारच थोडे मिळते. म्हणून १९८४ मध्ये देशभरातील रासायनिक खतांत सोडियम सेलेनेट मिसळण्याचा निर्णय झाला. खतातल्या या क्षाराचे गव्हाने प्रथिनातले सेलेनियम करून दिले आणि काही वर्षांतच लोकांच्या रक्तातील प्रमाण वाढले. ते अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्यावर खतातले प्रमाण घटवले गेले, नंतर पुन्हा थोडे वाढवले गेले. खत, पीक आणि रक्त यांची तपासणी सतत चालू होती, म्हणूनच हे साधले.

आपल्या देशातही याची दुसरी बाजू दिसते. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर भागातील काही शेतांत शिवालिक टेकड्यांतून वाहत आलेल्या गाळामुळे सेलेनियम साचले आहे. त्या शेतातला चारा खाणाऱ्या गुरांचे केस झडतात, खूर तडकतात.

आज एन्शी स्वतःला ‘जगाची सेलेनियम राजधानी’ म्हणवते. तिथे सापडलेली मोहरीच्या कुळातील कार्डामाइन ही वनस्पती प्रचंड प्रमाणात सेलेनियम साठवते आणि तिच्यातील सेलेनियमयुक्त प्रथिने पौष्टिक म्हणून पुढे येत आहेत. जिथे नखे गळली, तिथलीच ही नवी ओळख! मालात खोट आहे असे नाही. प्रश्न मात्रेचा आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकी शिफारशीनुसार ५५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये वरची सुरक्षित मर्यादा २५५ वर आणली. इतकी अरुंद पायवाट फार थोड्या पोषकद्रव्यांच्या वाट्याला येते.

ती ओलांडण्यासाठी खाणीजवळच राहावे लागते असेही नाही. उत्तर अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देण्यात आले, तेही धान्यात असते त्याच सेलेनोमेथिओनिनच्या रूपात. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग टळेल ही आशा फोल ठरली आणि २००८ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. पुढच्या विश्लेषणात दिसले, की ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांच्यात या गोळ्यांनी उग्र कर्करोगाचा धोका उलट वाढवला होता.

तेव्हा ‘सेलेनियमयुक्त’ हा शब्द पुड्यावर वाचला, की प्रश्न ‘चांगले की वाईट’ असा नसावा. तो ‘किती, आणि कोणासाठी’ असा असावा. एन्शी आणि केशानची माणसे एकाच मातीच्या दाण्यावर जगत होती. त्या मातीत जे होते आणि जे नव्हते, ते सारे त्यांच्या अंगी आले. आपल्या ताटात मात्र बहुधा गहू एका प्रांताचा, डाळ दुसऱ्या आणि तांदूळ तिसऱ्या प्रांताचा असतो. हे मिश्रण कुणी ठरवून केलेले नाही, पण एका मातीची उणीव दुसरीने भरून काढावी आणि एकीचा अतिरेक दुसरीने सौम्य करावा, एवढे काम ते मुकाट्याने करत असते.