घरचा फोन वेगळा, धंद्याचा वेगळा : एकाच बेस स्टेशनवर अनेक नंबर

आपल्यातील अनेक कारागीर व लहान व्यापारी यांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतात. खाली शिलाईची मशिने, वर संसार. अशा ठिकाणी एकच नंबर असला की गिऱ्हाईक, माल पुरवणारा आणि नातेवाईक सगळे त्याच नंबरावर येतात. ऑर्डरचा फोन लहान मूल उचलते, निरोप राहून जातो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. उलट रात्री अकरा वाजता उधारीचा तगादा घरातील स्त्रियांना ऐकावा लागतो. यावर एक सोयीचा उपाय आहे, त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बेस स्टेशन म्हणजे काय?

ही एक लहानशी पेटी असते. एका बाजूने ती इंटरनेटच्या राउटरला तारेने जोडतात, दुसऱ्या बाजूने ती बिनतारी हँडसेटशी बोलते. या बिनतारी पद्धतीला डेक्ट म्हणतात. तिचे मानक युरोपात १९९२ साली ठरले. बेसचा पल्ला घरात साधारण ५० मीटर व मोकळ्या जागेत ३०० मीटर धरतात. मात्र सिमेंटच्या भिंती व स्लॅब मध्ये आले की तो बराच घटतो. म्हणून पेटी घर आणि कारखाना यांच्या मध्यावर ठेवावी.

मुख्य गोष्ट ही की, नंबर हँडसेटमध्ये नसतो, बेसमध्ये असतो. प्रत्येक नंबराचे एक एसआयपी खाते बेसमध्ये भरतात. यीलिंक कंपनीच्या डब्ल्यू-७०बी या बेसवर १० खाती व १० हँडसेट चालतात. कोणता नंबर कोणत्या हँडसेटवर वाजावा, हे मालकाने ठरवायचे.

मांडणी कशी करावी?

प्रथम परवानाधारक टेलिफोन कंपनीकडून एसआयपी खाती घ्यावीत आणि ती आपल्या बेसवर चालतील ना, हे आधीच विचारावे. फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारा नंबर बहुधा मोडेमच्या फोनच्या खोबणीतून येतो. तो बेसवर घेण्यासाठी बेसलाही तशी खोबण असावी लागते. वरील बेसला ती नाही.

कंपनी खात्याचे नाव, पासवर्ड व सर्व्हरचा पत्ता देते. कॉम्प्युटरवर बेसचे पान उघडून ही माहिती भरावी. मग बेसचे बटण दाबून एकेक हँडसेट त्याच्याशी जोडावा.

यानंतर वाटणी कागदावर लिहून काढावी. धंद्याचा नंबर कारखान्यातील व गल्ल्यावरील हँडसेटवर वाजावा, घरचा फक्त वरच्या मजल्यावर. मालकाच्या हँडसेटवर दोन्ही. येथे बरेच जण एक गोष्ट विसरतात: बाहेर जाणारा फोन कोणत्या नंबरावरून जावा, हेही ठरवावे लागते. ते राहिले तर व्यापाऱ्याला केलेल्या फोनवर घरचा नंबर दिसतो आणि सारी वाटणी फुकट जाते.

इंटरनेट फार वेगवान लागत नाही. एका संभाषणाला दोन्ही दिशांना सुमारे ९० किलोबिट प्रतिसेकंद पुरतात.

सावधगिरी

वीज गेली की बेस आणि राउटर दोन्ही बंद पडतात. दोन्हींना लहान इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडावा. तातडीच्या ११२ नंबरासाठी मोबाईल हाताशी असू द्यावा.

बेसचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कोणी खाते चोरून रात्रभर परदेशी फोन केले, तर बिल आपल्या माथी येते. परदेशी फोनची गरज नसेल तर ती सोय कंपनीला सांगून बंद करून घ्यावी.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक असा संच आणत असतील तर नको म्हणावे. तेथील संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाईलसाठी आहे. संच येथे मान्यता असलेलाच घ्यावा.

“सिमकार्डांची पेटी घरी ठेवा, दरमहा भाडे देतो” असे सांगत कोणी आल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. बिनपरवाना टेलिफोन सेवा चालवणाऱ्यास २०२३च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे.

सुरुवात दोन नंबर व तीन हँडसेटने करावी. महिनाभर वापरून पाहावे आणि धंदा वाढेल तसे हँडसेट वाढवावेत.